ओकुमुराबाबाचे आकडे

चौदा वर्षांनी जपानहून घरी आलेला माणूस आईजवळ बसतो की पेट्रोल आणायला पुण्याला जातो, हे मला कोणीतरी सांगावं. माझा धाकटा नागसेन दर महिन्याला पुण्याला जातो. मोठ्या भावाची बोलेरो घेतो, तिच्यात चार स्टीलचे डबे टाकतो, आणि पहाटे निघालेला दुसऱ्या दिवशी परततो. बुलढाण्यापासून आमच्या देऊळघाटपर्यंत पंपांना तोटा नाही. त्यांवर डॉक्टर भरतात, वकील भरतात, कोर्टातले जज्जसाहेबही तिथंच भरत असतील. ह्याच्या स्वतःच्या गाडीला तिथलं पेट्रोल चालत नाही.

मी विचारलं, काय होतं, पोट दुखतं का तिचं? तर हसलासुद्धा नाही. म्हणाला, तसंच समज माय, तिला तिकडच्या पेट्रोलची सवय आहे. मी म्हटलं, तुलाही तिकडच्या भाताची सवय होती, तू कसा दोन दिवसांत ज्वारीच्या भाकरीवर आलास? त्यावर उठला आणि गाडी पुसायला गेला. उत्तर नसलं की तो गाडी पुसतो. त्यामुळे गाडी कायम चकचकीत असते.

गाडी जपानची. बोटीतून मुंबईला आली, कागदांसाठी चार महिने बंदरात उभी राहिली, आणि मग एमएच अठ्ठावीसची पाटी लावून आमच्या अंगणात आली. अर्धं गाव बघायला जमलं आणि बघून सगळ्यांची तोंडं उतरली. ठेंगणी, पांढरी, आणि दोनच दारं. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून कोंबडीनं खुराड्यात शिरावं तसं शिरायचं. शेजारचे इंद्रभानभाऊ तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "एवढ्या लांबून आनली बाप्पा, तं दोन दारं तिकडंच काऊन ठेवली?" त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही. माझ्या पोराला बोलायचं ते मी बोलेन, शेजाऱ्यानं बोलू नये.

पण गाडी चालू झाली की कोणी हसायचं नाही. तिचा आवाज वरवरचा नव्हता, पायाखालच्या जमिनीतून यायचा. ते इंजिन ओकुमुराबाबानं आणि नागसेननं मिळून बांधलेलं होतं.

ओकुमुराबाबाबद्दल मला सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय ह्यातलं काहीच समजायचं नाही. नागसेन चोविसाव्या वर्षी जपानला गेला. विहारात येणाऱ्या एका भंतेजींच्या ओळखीनं भाषा शिकला होता. तीन वर्षं कारखान्यात सुटे भाग घासले, मग एका डोंगरातल्या गावात ओकुमुरा नावाच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात लागला. गॅरेज केवढं, तर दोन गाड्या कशाबशा मावायच्या. पण डोंगरातल्या शर्यती धावणारी माणसं लांबलांबून त्याच्याकडे गाड्या घेऊन यायची. अकरा वर्षं माझं पोरगं त्या म्हाताऱ्याच्या हाताखाली राहिलं आणि त्याच्याच घरी जेवलं.

माझे मालक, कचरू, गेले तेव्हा बाबानं नागसेनला पाच तास गाडी चालवत विमानतळावर आणून सोडलं. उतरताना उदबत्तीची पेटी दिली, फोटोसमोर लावायला. बारीक उदबत्ती, आत काडीच नाही, नुसता उदच. दर पौर्णिमेला मी त्यातली एक लावायची. पाच वर्षं पुरली.

आणि आम्ही फोनवर बोलायचो. मी आमच्या भाषेत बोलायची, तो त्याच्या. नागसेन सुरुवातीला मध्ये पडून सांगायचा, ही असं म्हणते, तो तसं म्हणतो. मग त्यानं सोडून दिलं. आम्ही दोघं म्हातारी आपली बोलत राहायचो. मी पावसाचं सांगायची, तुरीचं सांगायची. तो काय सांगायचा कोणास ठाऊक, पण सांगताना मध्येच हसायचा, आणि मला कळायचं की हे माझ्या पोराबद्दल आहे. परक्या देशात माझ्या लेकराचं कोणी हसून नाव घेणारं होतं. ह्याहून जास्त आईला काय पाहिजे असतं?

मागच्या वर्षीच्या थंडीत बाबा गेला. नागसेन एकटाच त्याच्या उशाशी होता. मग त्यानं गॅरेजाची चावी बाबाच्या पुतण्याला दिली आणि स्वतःची गाडी घेऊन घरी आला. गाडी पैशानं ह्याची, पण बाबानं हात लावलेली ती शेवटची.

आता आकडे म्हणजे काय, ते मला माझ्या नातीनं समजावलं तसं सांगते. गाडीत एक छोटा कम्प्युटर असतो. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, हवा किती कोंबायची, ह्याचे आकडे त्यात भरलेले असतात. लोखंड नागसेन जोडायचा, आकडे बाबा भरायचा. आणि हे आकडे त्यानं तिकडच्या पेट्रोलवर बसवले होते. ते शंभर नंबराचं असतं, आणि आपल्या बाजूला तसं पुण्यालाच मिळतं. आपल्याकडचं साधं पेट्रोल त्याच्या खालच्या नंबराचं, शिवाय त्यात उसाचं आणि मक्याचं इथेनॉल.

माझी ही नात समता, मोठ्या पोराची, धम्मरत्नची मुलगी. नाशिकला नेमकं हेच काम करते. गाडी कशावर चालणार ते बघून कम्प्युटरातले आकडे बदलायचे. रीमॅप म्हणतात त्याला. गाडी आल्यापासून तिनं काकाला फोनवर दहा वेळा सांगितलं होतं की आपल्या पेट्रोलवर रीमॅप करून घ्या, जोर थोडा उतरेल पण इंजिन जगेल. नागसेनचं एकच उत्तर. बाबाच्या आकड्यांना कोणी हात लावायचा नाही. बाबा राहिला आहे तो तेवढाच, तो पुसला की गेला.

ह्या वादात मी पडले नव्हते. मला आपले ते सगळे नखरे वाटायचे. पेट्रोल ते पेट्रोल, त्यात पुण्याचं काय आणि बुलढाण्याचं काय.

आणि म्हणूनच माझ्या हातून ते झालं.

डिसेंबरात आमच्या वावराची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. हरभरा फुलावर आलेला, विहिरीत पाणी, आणि मोटार बंद. वीज कंपनीच्या ऑफिसात धम्मरत्न रोज जाऊन यायचा आणि रोज तेच ऐकून यायचा, की नवी डीपी आली की बसवू. नागसेन तेव्हा कामासाठी महिनाभर मुंबईला गेला होता. घरात पेट्रोलवर चालणारं जुनं पाण्याचं इंजिन पडलेलं होतं. आमच्याकडे कामाला असतात त्या पुंजाजींनी ते चालू करून दाखवलं आणि विचारलं, पेट्रोल?

गोठ्याच्या बाजूला टिनाच्या खोलीत नागसेनचे चार डबे भरलेले होते. ती खोली मीच द्यायला लावली होती, घरात चूल पेटते, तिथं मी पेट्रोल ठेवू देणार नाही म्हणून. मी पुंजाजींना म्हटलं, घ्या ह्यातलं.

अकरा दिवस ते इंजिन चालवलं. चारही डबे रिकामे झाले. हरभरा वाचला. त्या पेट्रोलचे उपकार मी आजही मानते, आणि ज्यानं ते पुण्याहून वाहून आणलं त्याचेही.

आता आमच्या घरची रीत अशी आहे, की उसनं आणलेलं परत करताना माप शिगेनं भरायचं. पायलीभर ज्वारी आणली तर पायलीच्या वर ढीग येईस्तोवर ओतायची. माझ्या सासूनं हे मला पहिल्या वर्षी शिकवलं आणि मी कधी मोडलं नाही. गावात कोणी म्हणावं, चांगुणाबाईनं नेलेलं कमी परत आलं, अशी कोणाची टाप नाही. पोटच्या पोराचं घेतलं म्हणून काय झालं, घेतलं ते उसनंच. नागसेन येण्याच्या आधी मी पुंजाजींना पंपावर पाठवलं आणि चारही डबे गळ्यापर्यंत भरून घेतले. डब्यात मावेना म्हणून वर एक बाटली भरून बाजूला ठेवली.

खरं सांगायचं तर त्यात माझी थोडी खोडीही होती. मी ठरवलं होतं, त्याला सांगायचंच नाही. महिनाभर हे पेट्रोल जाळू द्यायचं. मग एक दिवस सगळ्यांसमोर म्हणायचं, बघ, तुझ्या राणीनं बुलढाण्याचं पेट्रोल पिलं आणि तिला कळलंही नाही. एवढं बोलायची मला फार हौस होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला समता आठ दिवसांच्या सुटीवर येणार होती. बुलढाण्याला रेल्वे नाही, नाशिकहून येणारा माणूस मलकापूरला उतरतो. नागसेन म्हणाला, मी आणतो. मग मला म्हणाला, चल माय, तूही चल. तो आल्यापासून गाडीत बस असं मला पहिल्यांदा म्हणाला होता. त्यानं टिनाच्या खोलीतले दोन डबे टाकीत ओतले. मी ओसरीवर उभी राहून बघत होते आणि मनात हसत होते.

जाताना उतार होता, गाडी पाण्यासारखी गेली. मोताळ्याच्या पुढं रस्ता सरळ लागला तेव्हा नागसेन बाबाचं बोलायला लागला. बाबा गाडी शिकवताना बोलायचा नाही, नुसता गुडघ्यावर बोट आपटायचा, हळू म्हणजे एकदा, थांब म्हणजे दोनदा. घरी आल्यापासून तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मी मध्ये काही विचारलं नाही. विचारलं की तो थांबतो.

मलकापूरला समता उतरली, माझ्या पाया पडली, काकाला जयभीम केला आणि बॅग पुढं ढकलत खुराड्यात शिरली. परत निघालो. राजूर घाटाच्या पायथ्याशी नागसेननं मागं वळून विचारलं, बघायचं का बाबाचं काम? आणि पाय दाबला.

गाडीनं मला सीटला चिकटवलं. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर चढ उभा झाला आणि मला ऐकू आलं. बारीक आवाज. डबीत खडे घालून कोणी हलवावी तसा. मला वाटलं, मागं समताच्या बॅगेत काही वाजतंय.

"काका, पाय उचला."

समतानं हे ओरडून म्हटलं नाही, पण असं म्हटलं की नागसेनचा पाय आपोआप वर आला. गाडी कडेला लागली. समता पुढची सीट वाकवून, माझ्या अंगावरूनच बाहेर आली. बोनेट उघडलं, वाकून कान लावला, मग बॅगेतून लॅपटॉप काढला, त्याची वायर स्टिअरिंगखाली खुपसली आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून आकडे बघायला लागली. माकडं जमली. एका ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं, त्याला मी पुढं जायला सांगितलं.

समता म्हणाली, ठोकून राहिलंय इंजिन. पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच पेटतंय. तिनं सांगितलं तेव्हा मला एकदम कळलं. बाभळीचं लाकूड चुलीत संथ जळतं, भाकरी मनाजोगती फुगते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, घातली की भडका होतो, आणि तुम्ही बाभळीच्याच हिशेबानं हात चालवत राहिलात की भाकरी करपते. सरपण बदललं की हात बदलावा लागतो. हे मी दहा वर्षांची असल्यापासून करते आहे. कोणी हे चुलीच्या भाषेत सांगितलं असतं तर मीच तो वाद पहिल्या दिवशी मिटवला असता.

पण तेव्हा मला पुढचंही कळलं, की हे सरपण मीच बदललं होतं.

नागसेन पुण्याच्या पंपवाल्याला फोन लावून बसला होता. भेसळ करता का, म्हणत होता. दर महिन्याला एवढ्या लांबून येतो, विश्वासानं नेतो. तिकडचा माणूस बिचारा काही सांगत होता, हा ऐकतच नव्हता. माझा पोरगा कधी कोणाला असा बोलत नाही. मी त्याला आणखी दोन वाक्यं बोलू दिली, ह्याची मला लाज वाटते. मग मी उठले.

"फोन ठेव नागसेन. त्या मानसाचा काही दोष नाही. पेट्रोल म्या बदललं."

त्यानं फोन खाली घेतला. मी सगळं सांगितलं. डीपी, हरभरा, अकरा दिवस, चार डबे, वरची बाटली. खोडीचंही सांगितलं. उभ्या आयुष्यात कोणासमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली नव्हती, ती राजूर घाटात माकडांसमोर आली. नागसेननं पुण्याच्या माणसाला परत फोन लावला, माफी मागितली, आणि घाटाच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

समतानं गाडी घरी आणली. हवा कोंबणारा टर्बो लागू न देता, बैलगाडीच्या चालीनं. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढं जात होते. मी मागं खुराड्यात बसले होते, नागसेन पुढं.

दुसऱ्या दिवशी समतानं इंजिनाचे प्लग काढले, त्या भोकांतून करंगळीएवढा कॅमेरा आत सोडला आणि मोबाइलवर आतलं बघितलं. दीड तास ती ते करत होती. नागसेन गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. मी ज्वारी निवडायचं नाटक करत होते. ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, सगळं शाबूत आहे. मी सूप खाली ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. कोणाला जोडले ते मलाही ठाऊक नाही. बाबालाच असतील.

कारण वाचवलं बाबानंच. समतानं मला लॅपटॉपवर दाखवलं. घाटातल्या त्या दोन मिनिटांत इंजिनानं एकेचाळीस वेळा स्वतःला मागं खेचलं होतं. ठोका ऐकायचा, ठिणगी उशिरा पाडायची, परत ऐकायचं, परत मागं. शर्यतीची गाडी बांधणारे पुष्कळ जण ही राखण काढून टाकतात, जोर कमी होतो म्हणून. बाबानं काढली नव्हती, उलट आणखी कडक केली होती. समता म्हणाली, "आजी, ह्या मानसाले ठावं होतं, चालवनारा कदी तरी चुकीन." मी म्हटलं, चालवणारा नाही चुकला, त्याची माय चुकली. पण राखण दोघांनाही पुरली.

तरी ती म्हणाली, रोज असं मागं खेचत राहिलं तर एक दिवस नाही जमणार. रीमॅप करावंच लागेल. जुने आकडे आहेत तसे उतरवून ठेवते, काही हरवत नाही. नागसेननं मान हलवली. नाही म्हणजे नाही. टाकीतलं आणि उरलेल्या डब्यांतलं सगळं पेट्रोल काढलं, पुंजाजींच्या मोटारसायकलला आणि धम्मरत्नच्या फवारणी पंपाला वाटून टाकलं. माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायचा, पाणी दिलं की प्यायचा, आणि माझ्या खांद्याच्या वरून भिंतीकडं बघायचा. दोन दिवस मी ते सहन केलं. माझी चूक होती, सहन करणं भाग होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बोलेरोत रिकामे डबे टाकत होता. परत पुणे.

समता ओसरीवर बसली होती. तिच्या मांडीवर बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा. बाबाच्या वस्तूंचा डबा, नागसेननं आणल्यापासून एकदाही उघडला नव्हता. जुने आकडे काही लिहून ठेवले असतील तर बघू द्या, असं तिनं मागितलं, आणि त्यानं तिच्याकडे न बघता हातात दिला होता. आत एक चष्मा, एक बारीक पकड, दोन खोडरबरं आणि एक वही.

"आजी, इकडं ये व."

वही पेन्सिलीनं लिहिलेली होती. अक्षरं चिमणीच्या पायांसारखी, तिला वाचता येत नव्हती, मला तर नाहीच. मी चौथीपर्यंत शिकले. पण आकडे तेच, जगात सगळीकडे. आणि तारखा. समतानं पानं मोजून दाखवली. ह्याच गाडीची सतरा पानं. एका थंडीत सतरा वेळा बाबानं आकडे बदलले होते. एका पानावर डोंगर जास्त उंच लागला म्हणून, एका पानावर बर्फ पडलं म्हणून, असं असावं, समता अंदाजानं म्हणाली. आणि एका पानात पाच-सहा ठिकाणी खोडून परत लिहिलेलं. मी त्यावरून बोट फिरवलं. खोडून खोडून कागद एवढा झिजला होता की खालच्या पानाचा आकडा वर दिसत होता.

शेवटचं पान अर्धं भरलेलं. खाली एक ओळ, आणि पुढं कोरं.

मी नागसेनला हाक मारली. आला नाही. मग मी वही घेऊन स्वतः बोलेरोजवळ गेले आणि ते पान त्याच्या पुढं धरलं. म्हटलं, ही ओळ वाच. मला सांगितलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

त्यानं घेतली. त्याच्या हातातला डबा हळूच खाली टेकला.

"काय लिहिलंय?" समतानं विचारलं.

"उन्हाळ्याचे आकडे राह्यले," तो म्हणाला. "बरं वाटलं की पुन्हा बसू."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. घाटापासून पहिल्यांदा खरोखर बघितलं. चाळीशीला आलेला माणूस, पण लहानपणी ताप चढला की जसा बघायचा तसा. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ते नंतर घेता येतं. बोलायचं ते त्याच वेळी बोलावं लागतं, आणि आमच्या घरात ते काम माझं आहे.

"ऐक नागसेन," मी म्हटलं. "त्या बाबानं अकरा वर्षं माह्या लेकराले जेवू घातलं. घाटात आपल्या तिघायचा जीव अन् तुयी गाडी, दोन्ही त्यानंच राखलं. त्याचे उपकार म्या मरेपर्यंत इसरत नाही. पन त्याचं काम अर्धं राह्यलं, अन् तू त्याच्यावर कापड टाकून बसला. हे बरं नाही केलं. उतरव ते डबे. समता आजच आकडे बदलीन. तू तिच्या बाजूले बस, अन् कोनता आकडा काऊन बदलला ते ह्याच वहीत, बाबाच्या ओळीखाली, तुया हातानं लिही. अन् माह्यावर राग धरायचा असंन तं खुशाल धर, म्या चुकलीच हाय. पन आता आंदी आत चाल, दोघंही भाकर खा, मंग कामाले लागा."